अक्काचं होकायंत्र

सेकंडहँड विमान घ्यायला निघालेला माणूस आधी रंग बघतो. अर्पितनेही तेच केलं. धुळ्यात त्याच्या वडिलांचं, ज्ञानचंदशेठांचं, कापडाचं दुकान. पोराला मात्र विमान शिकवण्याची शाळा काढायची होती. विमान एकच घ्यायचं, पसंत मी करायचं आणि पुढे शिकवायचंही मीच. मी प्रेमराज पाटील, मूळचा सावद्याचा, अख्खा जन्म लोकांना विमान चालवायला शिकवण्यात गेला. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. हे काम आलं नसतं तर धुळ्याच्या देवपुरातल्या त्या घरात मी भिंतींशी भांडत बसलो असतो.

पहिलं विमान जळगावला होतं. पांढरंशुभ्र, आत स्क्रीन, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. मी जमिनीवर आडवा होऊन टॉर्च मारला, चाकं हलवून बघितली, इंजिन चालवलं, वर एक फेरी मारून आलो. खोड काढायची म्हटलं तरी एक सापडेना. त्याचाच मला राग आला.

कारण दुसरं विमान धुळ्यालाच होतं, आणि मला तेच हवं होतं. बंद पडलेल्या एका क्लबचं जुनं, दोन सीटचं. आम्ही त्याला अक्का म्हणायचो. नवशिक्यांनी कितीही आपटलं तरी अक्का सांभाळून घ्यायची. इंजिनही क्लब बंद व्हायच्या थोडं आधी पूर्ण उघडून बांधलेलं. पण अक्काचं होकायंत्र खोटं बोलायचं. उत्तरेला तोंड केलं की ते भलतीकडेच दाखवायचं. क्लबने दोनदा ते बदललं, मुंबईहून माणूस आणला, शेवटी सगळ्यांनी हात टेकले. काचेच्या चौकटीतलं पोलादच चुंबक झालंय, असं ठरलं. असं विमान शाळेला चालत नाही. आम्ही सोडलं की न्यायला भंगारवाला टपलेलाच होता.

"नाना, मग जळगावचं ना?" अर्पितने विचारलं.

"जळगावचंच," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्याच्या शाळेत माझं मन शिकायला येणार नव्हतं.

एक वस्तू तेवढी अक्कातून काढून घ्यायची होती. समोरच्या वेग-उंचीच्या घड्याळांच्या वर, उन्हाची तिरीप अडवायला, एक जाड काळी गादी असते. जुनी फाटली तेव्हा नवी माझ्या बायकोने, रूपाने, घरच्या मशीनवर शिवून दिली होती. त्याच्या आदल्याच आठवड्यात अक्काचं इंजिन बंद पडून मी चोपड्याजवळ कापसाच्या शेतात उतरलो होतो. मला खरचटलंही नव्हतं, पण रूपाने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. मग ती मशीनवर बसली. गादी बसवायलाही स्वतःच आली, आणि आपल्या पिंपळनेरच्या बोलीत म्हणाली, "आते बठ्ठं ठीक शे." आता सगळं ठीक आहे.

सकाळी हँगरवर गेलो. राखणदार वनाने दार उघडलं. मी स्क्रू काढले, गादी उचलली आणि पोटाशी धरून खाली उतरलो. समोर होकायंत्राची तबकडी हळूच फिरली आणि थांबली.

मी गादी पुन्हा आत नेली. तबकडी पुन्हा फिरली.

शिवण उसवायला हात धजेना. शेवटी वनाने चाकू दिला. फोमच्या पोटात, लाल फडक्यात बांधलेली, झिजलेली घोड्याची नाल निघाली.

"नाना, हाई काय शे?"

"तुझ्या वहिनीची नाल," मी म्हणालो. सारंगखेड्याच्या यात्रेत ती घेताना मी शेजारीच उभा होतो. काळ्या घोड्याचीच हवी म्हणून तिने तिथे वाद घातला होता, आणि मी चारचौघांत हसलो होतो. घराच्या दारावर ती कधी लागली नाही. मला वाटलं, हरवली असेल.

त्या होकायंत्राला मी वर्षानुवर्षं जेवताना शिव्या घातल्या. रूपा ताटात भाकरी वाढत गप्प ऐकायची. तिला कळलं होतं का? की कळूनही नाल तिथेच राहू दिली? आता विचारू कुणाला? मी अक्काच्या चाकापाशी बसलो आणि मोठ्याने रडलो. वना बाहेर जाऊन उभा राहिला.

डोळे पुसून अर्पितला फोन केला. "जळगावचं राहू दे. अक्काच घेऊ. पोरांना सांभाळून घेणारं विमान आहे."

"आणि होकायंत्र, नाना?"

"सुधारलं."

"आपोआप?"

"हो, आपोआप," म्हणालो. सगळं त्याला सांगायची काही गरज नव्हती.

सगळ्या तपासण्या पार पडल्या, आणि परवा अक्काला घेऊन मी एकटाच वर गेलो. गादी परत जागेवर होती, नाल घरी दाराच्या चौकटीवर ठोकली होती. तिथे ती कुणाला राखते, कोण जाणे. तापीच्या अलीकडे आल्यावर मी उत्तरेला तोंड केलं. समोर सातपुडा होता. इतकी वर्षं ज्याच्यावर कावलो ते होकायंत्र अगदी बरोबर उत्तरेवर येऊन थांबलं, आणि मला ते बघवेना. आता माझा घोर लागलेलं कुणी उरलं नव्हतं.