पाणसापाचं लाल पोट

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे संग्रहालयात सगळ्यांना ठाऊक आहे. साप रंगवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, हेही ठाऊक आहे. बावीस वर्षं स्पिरिटच्या बरणीतले मेलेले साप समोर ठेवून चित्रं काढतेय, खवला न् खवला मोजून.

त्या दिवशी पाणसापांच्या पुस्तकातलं माझं शेवटचं चित्र चार वाजता छापखान्यात जायचं होतं. साडेअकराला धाकट्या दिरांचा फोन आला. ते शहराचं पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरहाऊसमध्ये पंप चालवतात.

"वहिनी, तुमचा आजारी साप आमच्या टाकीत आलाय. पण हा चांगला ठणठणीत आहे!"

माझं चित्र बघून भाऊजी कायम हेच म्हणायचे, साप आजारी दिसतो. मी म्हणायचे, तुम्ही तुमचा पंप बघा. शिवाय पुस्तक लिहिणाऱ्या आमच्या साहेबांच्या नकाशात हा साप फक्त धरणाच्या वरच्या अंगाला होता आणि फिल्टरहाऊस खाली, भर वस्तीत. "दुसराच कुठला तरी असेल," मी फणकारले. तरी राहवेना. गेलेच.

टाकीत डोकं वर काढून तो मजेत पोहत होता. पाठ शेवाळी, तिच्यावर काळ्या चौकटींच्या दोन ओळी. माझाच साप! भाऊजींनी जाळीनं उचलला तशी त्यानं कूस बदलली आणि पोट दिसलं. लालभडक! मी जन्मभर राखाडी रंगवत आले होते. स्पिरिट लाल रंग खाऊन टाकतं, एवढं मला कळू नये? शाळाशाळांत माझे तक्ते टांगलेत, त्यांवर मेलेल्या सापाचा रंग. आता पुस्तकातही तोच छापला जाणार. मला रडूच फुटलं. साहेबांना फोन केला.

साहेब धापा टाकत आले. कितीतरी वेळ कठड्यावरून वाकून बघत राहिले.

"मी जिवंत पहिल्यांदाच बघतोय," ते हळूच म्हणाले. मग भाऊजींकडे वळले. "इथे कधीपासून दिसतात?"

"अठरा वर्षं झाली की. पिल्लंही असतात."

"अहो, मग सांगितलं का नाही कुणाला?"

"वहिनींना रोज सांगतो, तुमच्या चित्रातला साप आजारी दिसतो म्हणून."

आई गं! अठरा वर्षं हा माणूस जेवताना माझ्यासमोर बसून खरं सांगत होता आणि मी त्याला भाजी वाढत होते. अशी लाज वाटली म्हणून सांगू! भाऊजी मात्र खो खो हसत होते. मग मलाही हसू आवरेना.

साहेबांनी छापखान्याकडून सकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. मी रंग मागवले आणि तिथेच बादली पालथी घालून बसले. भाऊजींनी चहा आणला. ओला लाल रंग कागदावर उतरला तेव्हा, खरं सांगते, इतकं समाधान मला कधी झालं नव्हतं. साहेबांनी नकाशावर धरणाच्या खाली नवा ठिपका दिला. सोबतच्या नोंदीत 'प्रथम कोणी पाहिला' या रकान्यात भाऊजींचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे 'पंपचालक'.

भाऊजींनी ते दोनदा वाचलं आणि पंपघरात निघून गेले. मी मागोमाग गेले, तर पाठमोरे उभे राहून डोळे पुसत होते.