अकरावा उतारू

तस्नीम मापारीच्या पत्राला पळसुले सरांनी उत्तर दिलं नाही, म्हणून त्यांच्या घराला रोज एक पायरी वाढत गेली. पायरी सकाळी तयार असायची. जांभ्या चिऱ्याची, नीट तासलेली, कडेला थोडं शेवाळही धरलेली. पत्र आलं तेव्हा अंगणातून रस्त्यावर उतरायला चार पायऱ्या होत्या. आता तीनशे अठ्ठ्याण्णव होत्या. घर तेवढंच वर गेलं होतं, रस्ता जागचा हलला नव्हता.

राजापुरात चढउतार कुणाला नवे नाहीत, त्यामुळे गावाने हे फार मनावर घेतलं नाही. पोस्टमन शिवलकर शंभराव्या पायरीपर्यंत आला आणि तिथूनच ओरडून म्हणाला, "सर, यापुढे टपाल खालीच ठेवीन. तुमचं काही द्यायचं असेल तर फणसाखाली पेटी आहेच." इंदुमतीबाई मात्र रोज उतरायच्या आणि रोज चढायच्या. पिशवी ओट्यावर ठेवताना म्हणायच्या, "माझे गुडघे तुमच्या उत्तरावर टांगलेत, एवढं लक्षात असू द्या."

"लिहितोय," सर म्हणायचे.

ते लिहीत होतेच. पण मायन्यापाशी अडायचे. तस्नीम वाचनालयात यायची तेव्हा नऊ वर्षांची होती. आता एकतीस. तिला चिरंजीव म्हणावं, की प्रिय म्हणावं, की आदरपूर्वक काही लिहावं? ते तीन कागदांवर तीन मायने लिहून बघायचे, आणि तिन्ही कागद फाडायचे. मग वाटायचं, आपण लिहिलेलं कुणाच्या कशाला उपयोगी पडणार आहे.

पत्र मोठं नव्हतं. "सर, मी एक खेळ केलाय. कॉम्प्युटरवरचा. सहा वर्षं लागली, एकटीने केला, नोकरी सांभाळून. सोबत पेनड्राइव्ह आहे. गोष्ट तुमचीच आहे, शनिवारची. सगळं झालं, पण होडी हलत नाही. अकरावा उतारू तोंड उघडेल तेव्हाच ती हलेल, आणि तो तर तुम्ही बसवलेला. मी माझ्या मनाने काही त्याच्या तोंडी घातलं की होडी बुडते. तो कोण आहे, सर? दोन ओळी लिहा."

तो कोण आहे हे सरांना माहीत होतं. अडचण तीच होती.

चौतीस वर्षं ते वाचनालयात होते. दर शनिवारी चार वाजता बालविभागात सतरंजी अंथरायचे आणि एका होडीची गोष्ट सांगायचे. नियम एकच होता. ज्याने त्या आठवड्यात पुस्तक मुदतीत परत केलं असेल, त्याने होडीत एक उतारू बसवायचा. कुणी वस्तऱ्याला घाबरणारा न्हावी बसवला. कुणी मान नसलेला राजा. तस्नीमने छत्र्या विकणारी राक्षसीण बसवली आणि वर बजावलं, "तिला पोहता येतं हं, सर." असे दहा उतारू झाले. पाच वाजले की सर होडी नदीच्या मधोमध थांबवायचे आणि म्हणायचे, पुढचं पुढच्या शनिवारी.

शेवटच्या शनिवारी त्यांनी स्वतः एक उतारू बसवला. म्हातारा, मुलांकडे पाठ करून बसलेला. मुलांनी विचारलं, हा कोण? सर म्हणाले, पुढच्या शनिवारी सांगतो. त्याच संध्याकाळी त्यांना शाल आणि नारळ देऊन निरोप दिला गेला. पुढचा शनिवार नाही, हे तो शब्द देताना त्यांना माहीत होतं.

खेळाचं नाव 'शनिवारची होडी' होतं. लेकीने नुकत्याच पाठवलेल्या लॅपटॉपवर तो त्यांनी पहिल्यांदा लावला तेव्हा एकही कळ धड दाबता येत नव्हती. आठवड्याभरात ते त्यात तरबेज झाले. टेलिफोन उचलायला कचरणारा हा माणूस तिथे सात धुक्यांच्या सात राजांना सामोरा गेला. खेळातल्या मुलीच्या हातात तलवार नव्हती, वाचनालयाचा रबरी शिक्का होता. ज्याच्या कपाळावर शिक्का बसला, त्याला त्या तारखेला जिथून आला तिथे परत जावं लागायचं. धुक्याचा राजा असला तरी सुटका नाही. शिक्का कसा मारायचा हे सरांना कुणी शिकवायला नको होतं. मनगट सैल, ठोका एकच, शाई फाकता कामा नये. सातवा राजा डोंगराएवढा होता. त्यांनी त्याला पुढच्या मंगळवारची तारीख दिली आणि चहाला उठले.

"जिंकलात वाटतं," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"त्यात काय," सर म्हणाले. असं ते आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले.

मग नदी आली. चौकोनाला चौकोन जोडून केलेलं पाणी, मधोमध होडी, होडीत दहाजण, आणि टोकाला तो, पाठ करून. प्रत्येकजण बोलला. बोलणं खालच्या काळ्या पट्टीत पांढऱ्या अक्षरांनी उमटायचं, पट्टीच्या कोपऱ्यात छोटा त्रिकोण लुकलुकला की पुढचं वाक्य यायचं. सगळी वाक्यं संपली की तो उतारू पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. अकराव्यापाशी सरांनी कळ दाबली. पट्टी आली. ती रिकामी होती. पुढे काहीच केलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिवलकर खालून ओरडला, "तुमचं काही द्यायचं असेल तर फणसाखाली पेटी आहेच." सरांनी विचारलं, तुझी मुलगी कशी आहे रे? तो म्हणाला, "तुमचं काही द्यायचं असेल तर फणसाखाली पेटी आहेच." त्याच्या कमरेपाशी काळी पट्टी होती. त्रिकोण नव्हता.

गुरुवारी ती पट्टी इंदुमतीबाईंना आली. त्या खाली बसून गवार मोडत होत्या. पट्टी गुडघ्यांपुढे आडवी पडली होती, तिच्यावर गवार ठेवता येत होती.

"माझी वाक्यं संपत आलीत," त्या म्हणाल्या.

"किती उरलीत?"

"सकाळी चाळीस होती. निम्मी मासेवालीवर गेली. ती ऐकतच नाही."

"मग जपून बोल."

"तुम्ही जपून लिहिताय, तेवढं पुरे नाही का?"

त्रिकोण लुकलुकला आणि थांबला. सर तिच्याकडे बघत राहिले. बेचाळीस वर्षं ही बाई बोलत होती आणि ते ऐकत होते. घरातलं सगळं बोलणं तिचं होतं. ते संपलं तर पहिल्यापासून सुरू होईल, आणि तिचं पहिलं वाक्य कोणतं होतं हे त्यांना चांगलं आठवत होतं. बघण्याच्या कार्यक्रमात ती म्हणाली होती, "पोहे गार झाले." उरलेलं आयुष्य तेवढ्यावर काढायचं होतं.

ते टेबलाशी बसले. 'चिरंजीव' लिहिलं, खोडलं.

शुक्रवारी दुपारपर्यंत तिची पाच वाक्यं उरली. त्यातलं एक तिने त्यांच्या खांद्यावरून वाकून खर्च केलं. "माफी पुरे झाली, त्या पोरीने माफी मागितलेली नाही."

सरांनी कागद बघितला. खरंच दीड पान माफी होती. तिने काय मागितलं होतं? दोन ओळी. त्यांनी दीड पान फाडलं.

"मी खोटं बोललो होतो त्या मुलांशी," ते म्हणाले. "मला शेवट माहीत नव्हता. कधीच नव्हता."

"मग तेवढंच लिहा की."

तीन उरली. सरांनी लिहिलं, आणि आश्चर्य म्हणजे हात अडला नाही. शिक्का मारताना मनगट जसं सैल असायचं तसं होतं.

"तस्नीम, अकरावा उतारू मी आहे. शेवट मला माहीत नव्हता, म्हणून मी पाठ करून बसलो. तोंड उघडलं की तो एवढंच म्हणेल: मला वल्हवता येत नाही. मग वल्हं राक्षसिणीकडे दे. तिला पोहता येतं असं तू सांगितलं होतंस. वा. ग. पळसुले."

त्यांनी पाकीट चिकटवलं, पत्ता घातला, चप्पल शोधली. चारशे पायऱ्या होत्या आता. इंदुमतीबाई दारात उभ्या होत्या.

"टोपी घाला, ऊन आहे."

"कशाला घालवलंस ते वाक्य?" सर म्हणाले.

"असू दे, एक बाजूला काढून ठेवलंय."

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. सरांनी टोपी घातली आणि ते उतरू लागले.

शंभर पायऱ्यांवर घाम आला. दोनशेवर गाव दिसायला लागलं, आणि ते चौकोनांचं होतं. कौलं चौकोनी, माड चौकोनी, वरून उडणारा बगळा तीनच चौकोनांचा. तीनशे चाळीसाव्या पायरीवर पाऊल ओलं झालं. पुढच्या साठ पायऱ्या पाण्याखाली होत्या. रस्ता नव्हता, फणसाचा फक्त शेंडा दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे, नदीच्या मधोमध, एरवी फणसाखाली असणारी टपालपेटी गळ्याएवढ्या पाण्यात उभी होती. लाल रंग आणि वरचं तोंड तेवढं बाहेर होतं.

होडी पायरीला लागलेली होती. राक्षसीण सगळ्यांत पुढे बसली होती, मांडीवर छत्र्यांची जुडी. ती सरांच्या आठवणीपेक्षा लहान होती. नऊ वर्षांच्या मुलीने कल्पिली असेल तेवढीच.

"मुदत केव्हाच संपली, सर," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"या. ती तुमची जागा. तोंड तिकडे करून बसा, तसंच ठरलंय."

"मला वल्हवता येत नाही," सर म्हणाले.

होडी हलली. मान नसलेला राजा आपल्या छातीकडे बघून म्हणाला, "एवढंच होतं होय?" न्हावी हसला. राक्षसिणीने वल्हं उचललं आणि छत्र्यांखालून दुसरी वस्तू काढली. ती सरांनी ओळखली. लाकडी मुठीची, कडेला त्यांच्याच दातांच्या खुणा असलेली. कामात हात अडकले की ते शिक्का दातांत धरायचे.

"टोपी जरा वर करा."

त्यांनी टोपी वर केली. ठोका एकच बसला. शाई फाकली नाही.

"कधीची तारीख दिलीस?"

"आम्हाला वाचता येत नाही," राक्षसीण म्हणाली. "तस्नीमने शिकवलं नाही अजून."

स्वतःचं कपाळ कुणाला दिसत नाही. बाकीच्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. सर घराकडे पाठ करून बसून राहिले आणि पेटी जवळ येत गेली. तिच्यावरच्या छोट्या पाटीवर, पेटी पुन्हा केव्हा उघडणार तिथे, 'शनिवार, दुपारी चार' असं होतं.

त्यांनी पाकीट पेटीच्या तोंडात सरकवलं. अर्धं आत गेलं. बोटं सुटेनात. पत्र आत पडलं की ते परत काढता येत नाही, आणि त्यातली दुसरी ओळ बरी नव्हती असं त्यांना वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात वरून, चारशे पायऱ्यांवरून, हाक आली.

"येताना कोथिंबीर आणा, कालची सुकली."

हेच तिने बाजूला काढून ठेवलं होतं. सर वळले नाहीत. अकरावा उतारू वळत नाही. समोर पाण्यात मात्र पाठीमागचं घर उलटं दिसत होतं, दारात ती, आणि तिच्या कमरेशी काळी पट्टी, अक्षरं खाली डोकं वर पाय. कोपरा रिकामा होता.

त्यांनी बोटं सोडली. पाकीट आत पडल्याचा आवाज आला, आणि पाण्यातल्या पट्टीच्या कोपऱ्यात एक छोटा त्रिकोण लुकलुकू लागला.