कोरा फर्मा

माझं पुस्तक सगळ्यांना आवडलं. सगळ्यांना म्हणजे अगदी एकजात! जाऊबाई म्हणाल्या, "एका बैठकीत संपवलं गं." शाळेचा वॉचमन म्हणाला, "मॅडम, शेवट एकदम भारी." नवरा तर मित्रांना फोन करकरून सांगत होता, "आमच्या घरात लेखिका आहे बरं का." मी हुरळले. का नाही हुरळणार?

मी शाळेची बस चालवते. सकाळी मुलांना सोडलं की शाळा सुटेपर्यंत बस मागच्या मैदानात उभी. बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटायचे आणि मी मागच्या सीटवर बसून लिहायचे. नायिका रडायला लागली रे लागली की घरून फोन! निळा शर्ट कुठंय, बाबांच्या गोळ्या संपल्यात, गॅसवाला दारात उभा आहे. तिला बिचारीला तसंच रडत ठेवून मी शर्टाचा पत्ता सांगायचे. परत येईपर्यंत तिचे अश्रू वाळलेले असायचे आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

कुठल्याच प्रकाशकानं दाद दिली नाही, म्हणून स्वतःच छापलं. कागद निवडला, मुखपृष्ठावरून भांडले, गठ्ठे बसमधून घरी आणले आणि पलंगाखाली ढकलले. नवरा म्हणाला, "आता तिथं झाडू कसा मारायचा?" त्यानं जन्मात कधी झाडू हातात धरलेला नाही.

पुस्तक दोन बहिणींचं आहे. म्हणजे माझं आणि ताईचंच. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताई आलीच नाही. लांब होती, नोकरी होती, सगळं मान्य. पण वर मलाच म्हणाली, "तुला काय, तू तिथंच तर असतेस." ते माझ्या जिव्हारी लागलं. आई गेल्यावर आमचं बोलणं वाढदिवसापुरतं उरलं. मला समोरासमोर भांडता येत नाही. म्हणून लिहिलं. एका दुपारी धाकटी थोरलीला खोलीत बसवते आणि मनातलं सगळं सुनावते, असा प्रसंग आहे. तो किती वेळा खोडून लिहिला त्याला गणती नाही. बाकीचं पुस्तक त्या प्रसंगासाठीच होतं. ताईनं तेवढं वाचावं, मग हव्या तेवढ्या शिव्या घालाव्यात, एवढीच माझी इच्छा. पहिली प्रत तिलाच धाडली. तिचं काही उत्तर आलं नाही.

एकदा दुपारी बसमध्ये मीच पुस्तक उघडलं. छापून आल्यापासून फक्त आपलं नाव बघितलं होतं आणि पानांचा वास घेतला होता. आतलं वाचून वाचून वीट आला होता ना! पण लोक एवढं काय कौतुक करतायत ते तरी बघावं म्हटलं. वाचता वाचता त्या प्रसंगाशी आले. धाकटी दार लावून घेते, म्हणते, "आता ऐक." पान उलटलं, तर कोरं. पुढचंही कोरं. घरी जाऊन पलंगाखालचे गठ्ठे फोडले. सगळ्या प्रती तशाच.

"बाई, फर्मा कोरा गेलाय," छापखानेवाला फोनवर म्हणाला. फर्मा म्हणजे सोळा पानांचा एक जोड. "आमचीच चूक. नवीन छापून देतो, तुम्ही फक्त हो म्हणा. पण इतके दिवस कुणीच कसं बोललं नाही?"

मी काय सांगणार, कपाळ! जाऊबाईंनी एका बैठकीत संपवलं ते बहुतेक मुखपृष्ठ असावं. नवऱ्याला विचारलं, "मधली पानं कशी वाटली?"

"एक नंबर!" टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला.

भांडावंसंही वाटलं नाही. आत जाऊन उगाच ओटा पुसत राहिले. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मी बसमध्येच असताना, ताईचा फोन आला. "वाचलं गं. दोनदा वाचलं."

"ताई, त्यात मधे..."

"कोरी पानं ना?"

अख्ख्या जगात माझं पुस्तक वाचलेलं एकच माणूस, आणि ते म्हणजे ताई!

"ती म्हणते, आता ऐक," ताई सांगत होती, "आणि मला पान उलटायचा धीरच होईना. म्हटलं, आता ही मला फाडून खाणार. माझी लायकीच होती तशी. पान उलटलं, तर एक शब्द नाही. सगळं गिळलंस तू. एवढं मोठं मन कुठून आणलंस गं, छोटे?" ती हुंदके द्यायला लागली.

छोटे म्हणून तिनं कित्येक वर्षांत हाक मारली नव्हती. अगं बाई, ती छपाईची चूक आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं.

"मी येऊ का सुट्टीत? राहीन तुझ्याकडे. चालेल ना?"

"ये," मी म्हणाले.

तिनं फोन ठेवल्यावर मी छापखान्यात फोन लावला. नवीन छापू नका म्हणून सांगितलं.

"अहो, वाचकांना काय सांगाल?"

"वाचक एकच आहे. तिला कळलंय."

तो हसला. त्याला ते विनोदी वाटलं असावं.

मोठं मनबिन काही नाही माझ्याकडे. त्या सोळा पानांत नुसती आदळआपट होती, आणि त्यात एक खरा प्रश्न होता. तो आता कुणी वाचणार नाही, आणि ताई समोर येऊन बसली तरी मला विचारता येणार नाही. म्हणून रिकाम्या बसमध्ये मीच तो एकदा मोठ्यानं म्हणून बघितला.

"ताई, तू का नाही आलीस गं?"