ज्या उन्हाळ्यात भट्टी बंद होती

"चाचा, बसा आता खाली. तुमचं झालं बोलून," मिलचा मॅनेजर म्हणाला.

कमरोद्दीन चाचा काही बसले नाहीत. मी त्यांची शेजारीण, बेबीनंदा, पुढून दुसऱ्या रांगेत होते आणि माझं डोकं केव्हाच तापलं होतं. आमच्या गल्लीमागे सळया बनवणारी मिल आहे. तिला आणखी एक भट्टी हवी होती, तीही आमच्या भिंतीला खेटून. कायद्याने लोकांना विचारावं लागतं, म्हणून हा मांडव, या खुर्च्या आणि पोह्यांच्या प्लेटा. चाचांनी उमेदीची सगळी वर्षं त्याच मिलमध्ये घालवलेली. त्यांचं म्हणणं एकच होतं: नात इरमला आत्ताच दम लागतो, दोन पायऱ्या चढली की दम्याचा पंप ओढते. दुसरी भट्टी पेटली तर पोरगी या घरात जगायची नाही.

"माही बायको बी धुरानंच गेली," चाचा म्हणाले. "अकबरबी. समद्या गल्लीला ठावं हाय."

"कधी गेली?"

"लॉकडाऊनमंदी."

मॅनेजरचा चेहरा असा खुलला की त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. "साहेब, लिहून घ्या," तो सुनावणी घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला म्हणाला. "लॉकडाऊनमध्ये आमची भट्टी बंद होती. आकाश निळं झालं होतं, लोक गच्चीवरून फोटो काढत होते. मग या बाई आमच्या धुराने गेल्या कशा?"

मांडवात कुणीतरी हसलं. हसा मेल्यांनो, तुमच्या घरचं कोण गेलंय!

आकाश निळं होतं, हे खरंच. गच्चीवाल्यांनी मोबाइलवर मिरवलेलं ते आकाश आमच्याही डोक्यावर होतं. त्याच्या खाली काय चाललं होतं ते बघायला कोण आलं? मिल बंद, पगार बंद, सिलिंडर संपलेलं. मग मिलचा ठेकेदार पुंजाराम टेम्पो घेऊन आला. मिलच्या आवारातल्या ऑइल पिऊन काळ्या झालेल्या मोडक्या फळ्या आणि मशिनी पुसायच्या चिकट चिंध्या, गोण्या भरभरून. 'कंपनीकडून मदत' म्हणून फोटोही काढला. त्या चिंध्या आम्हाला नव्या नव्हत्या. मिल कामगारांच्या घरी चूल त्यांच्यावरच पेटते. एक बोळा टाकला की भडका, रॉकेलही लागत नाही. पण एरवी आमच्या चुली दारापुढे, उघड्यावर असतात. त्या दिवसांत दाराबाहेर पाय टाकला की पोलीस काठी घालायचे, म्हणून बायकांनी चुली आत घेतल्या. चाचीनेही घेतली. पत्र्याची एक खोली, कोरोनाच्या भीतीने खिडकी बंद, आणि खाटेवर तान्ही इरम. रोजे चालू होते, त्यामुळे पहाटे सहरीलाही चूल आणि संध्याकाळी इफ्तारलाही चूल.

ईदच्या आधीच चाची गेली. तपासणीत कोरोना निघाला नाही. मी सरकारी दवाखान्यात आया आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या की धूर किती आहे एवढंच बघून चालत नाही, काय जळलं तेही बघावं लागतं. त्या उन्हाळ्यात धूर कमी होता आणि जो होता तो नुसता जहर होता.

मला राहवेना. मी उठले. "त्या फळ्या कुनी देल्या? त्यावरचं ऑइल कुनाचं व्हतं? विचारा की ह्या पुंजारामला!"

पुंजाराम मोबाइलमध्ये बघत राहिला. मॅनेजर मात्र गोड हसला. "म्हणजे धूर घरच्या चुलीचा होता. बाईंनीच सांगितलं. हेही लिहा, साहेब."

हलकट माणूस!

"चुलीचा विषय आजच्या सुनावणीत येत नाही," अधिकारी म्हणाला.

"सायब," चाचा शांतपणे म्हणाले, "भट्टी चालू व्हती तवा आमीच खोकलो. बंद झाली तवा बी आमीच मेलो. मंग तुमच्या सुनावणीत आमी येतो तरी कुटं?"

अधिकाऱ्याने पुढचं नाव पुकारलं.

परवानगी मिळाली. भट्टी पेटली तशी चाचांची सून अंबरीन इरमला घेऊन माहेरी, परतूरला गेली. मुलगा मिलमध्येच कामाला, पोट सोडून तो कुठे जाणार? तो आणि चाचा इथेच राहिले. इरमशिवाय चाचांना घास गोड लागत नव्हता. मी भाकरी नेऊन द्यायचे, ते अर्धी खायचे.

एक दिवस मी तिथे असतानाच इरमचा फोन आला. चाचांनी स्पीकर लावला. आजोबांना ती दादा म्हणते.

"दादा! यहाँ मैं दौडती! दम नहीं लगता!"

"दौड बेटा. खूब दौड."

एवढं बोलले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी घाईघाईने फोन माझ्या हातात कोंबला, मला दाराबाहेर जायची खूण केली आणि तोंडात पंचा धरून भिंतीकडे वळले.

"दादा, सुन रहे ना?"

"दादा ऐकून राह्यले, बेटा," मी अंगणात येऊन म्हणाले. "तू बोल."