निम्मी चरबी नवी

दोन सख्ख्या बहिणी होत्या, एक थोरली, एक धाकटी, आणि दोघींच्या मध्ये होतो मी, एक काटा. तोच मी बोलतोय. भाजी तोलणारा नव्हे हो! डोळ्यांना न दिसणारे कण तोलतो मी. शिकलेले लोक मला मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. थोरली नुसतं काटा म्हणायची.

लाकडी पेटीतून प्रयोगशाळेत आलो, तेव्हा काय माझे लाड! पुढं कोपऱ्यात पडलो. लोक डोक्यावर चहाचे पेले ठेवत. थोरली तिथंच कामाला. तिनं मला पुसलं, माझ्या नळ्या धुतल्या. तिला गरजच तशी होती. धाकटीचे पाय दिवसेंदिवस लुळे पडत होते.

डॉक्टर म्हणाले, पेशीभोवती चरबीची पातळ भिंत असते. ती झिजते, पुन्हा नवी होते. हिची फार भरभर बदलते की फार सावकाश, ते कळलं तरच औषध. औषधं दोन, एकमेकांच्या उलटी. चुकीचं दिलं, तर आहे तेही चालणं जाईल.

थोरलीनं धाकटीच्या कातडीतल्या पेशी बशीत वाढवल्या, त्यांना नेहमीपेक्षा वजनानं जड कणांचं खाद्य दिलं. त्यातून घडलेली नवी चरबी जुनीपेक्षा केसभर जड. ती ओळखणं माझं काम. एका दिवसानं मी सांगितलं, निम्मी चरबी नवी.

"अगं बाई, इतकी भरभर!" थोरलीनं डॉक्टरांना फोन लावायला घेतला.

धाकटी चाकाच्या खुर्चीत बसून भिंगातून आपल्याच पेशी बघत होती. "ताई, थांब. काल बशीत किती होत्या?"

"मोजल्या नाहीत."

"मी मोजल्या. मला दुसरं काम काय? आज दुप्पट झाल्यात. अगं, नवी माती नव्या घरांना लागली. जुन्यांची डागडुजी झालीच कुठं?"

थोरलीनं फोन खाली ठेवला. "शिकले मी, आणि अक्कल तुझ्याकडं!"

"अक्कल कसली, रिकामा वेळ."

मी खोटं बोललो नव्हतो. पण विचारलं तेवढंच सांगतो, हा माझा दोष. पेशींची वाढ वजा केली, तेव्हा कळलं, भिंत जवळजवळ बदलतच नव्हती. दुसरं औषध सुरू झालं.

आता माझा पंप धापा टाकतो. शेजारी नवा काटा आलाय. त्याला एकच सांगणं, बाबा, तोल खुशाल, पण आधी घरं मोजायला लाव.

काल जिन्यात पावलं वाजली. एक टेकत, एक ओढत. थोरली दारात उभी राहिली, हात द्यायला पुढं झाली नाही.

"किती पायऱ्या गं?" तिनं विचारलं.

"बावीस," धाकटी उंबऱ्यावर पाय ठेवत म्हणाली. "मोजल्यात मी."