धुक्याच्या रंगाचा कोट

पौषातली पहाट. चिखलदऱ्याच्या कड्याखालची दरी धुक्याने काठोकाठ भरली होती, चुलीवरच्या दुधाच्या पातेल्यासारखी. पूर्वेला एक केशरी रेघ उमटली; रेघेची कडा झाली, कडेची कांती झाली, आणि त्या कोवळ्या, कृपण उजेडात साग आणि सालई एकेक करून धुक्यातून डोकी वर काढू लागले. पात्यापात्यावर दव गोठले होते. बोलणाऱ्याचा शब्द ओठांपुढे वाफ होऊन दिसावा, अशी थंडी होती.

त्या थंडीत पंचफुला शिलाई मशीनपुढे बसली होती, आणि तिच्या मांडीवर कोट होता. धुक्याच्या रंगाचा, राखी, लोकरी. रुंद कॉलरचा, भरदार खांद्यांचा, आणि खोल, खोल खिशांचा.

गेल्या हिवाळ्यात कड्यावर शहरातली एक पाहुणी आली होती. अंगात असाच कोट, थेट बाप्याच्या थाटाचा. दोन्ही हात खिशांत. काही धरलेले नाही, काही उचललेले नाही. नुसती उभी राहून सूर्य बघत होती, बाई! पंचफुलाने ते पाहिले आणि तिच्या जिवाला चटका लागला. गावभराची झंपरं शिवणारी ही कसबी बाई. पण झंपराला खिसा कुठला? खोचायचे ते कनवटीला, बांधायचे ते पदराला, आणि हात सदा भरलेले. हातांना ठेवायला आपली अशी जागा हवी, एवढीच काय ती तिची इच्छा होती.

अमरावतीहून कापड आले. खडूच्या शुभ्र रेषा उमटल्या, कात्री करकरली, आणि नेमकी तेव्हाच शेजारची गयाबाई दारात उभी राहिली.

"कोणासाठी व हा कोट?"

स्वतःसाठी म्हणावे, तर गाव दात काढेल. बाईला कोट, तोही बाप्याचा! पंचफुलाची जीभ घसरली. "यायच्यासाठी," नवऱ्यावर ढकलत ती म्हणाली.

झाले! गयाबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपार कलायच्या आत बातमी कड्यावरच्या टपरीवर गेली, आणि चहाचे आधण तसेच टाकून मोतीराम, तिचा नवरा, धापा टाकत घरी आला. जन्मभर थोरल्या भावाचे उतरलेले स्वेटर घालणारा माणूस. "माह्यासाठी?" एवढेच त्याने विचारले, आणि माप द्यायला दोन्ही हात पसरून, डोळे मिटून उभा राहिला. देवापुढेही तो कधी इतका स्थिर उभा राहिला नव्हता.

टेप त्याच्या खांद्यांवरून फिरली, छातीवरून फिरली. आकडा तिने वाचलाच नाही. कापड तर कापून झाले होते, तिच्या स्वतःच्या मापाने.

"लिवत नाहीस? एवढं सारं ध्यानात कसं राह्यते व तुह्या?" तो कौतुकाने म्हणाला. न पडलेली सुई शोधायला पंचफुला खाली वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.

बेत तिने मनाशी आखला होता. कोट पुरा झाला की म्हणायचे, माप चुकलं बाई, तोकडा झाला. आता वाया कशाला घालवायचा, मीच घालते. साधा, सोपा, बिनबोभाट बेत. पण धावदोरा घालताना लाज, अस्तर टाचताना लाज, काजे करताना लाज. छातीच्या गोलाईसाठी तिने दोन्हीकडे टक्स घातले, तेव्हा तर आधी दार लोटून घेतले. पुरुषाच्या कोटाला टक्स नसतात.

संक्रांतीच्या सकाळी शेवटचे बटण लागले. कोट खुंटीला अडकवून ती तीळ भाजायला आत गेली. परतली, तर खुंटी रिकामी.

अनवाणी पावलांनी ती धावली. गोठलेले दव तळव्यांना डसत होते. कड्यावर, टपरीपुढे, चारचौघांत मोतीराम कोट घालून उभा होता. मनगटे उघडी, पाठ ताणलेली, आणि सपाट छातीवर दोन रिकामे, पोकळ फुगवटे. गयाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. पाहुण्यांना कड्यावर आणणारे जीपवाले खोखो हसत होते.

"काय मोतीराम, बाई झाला का रे?"

त्याने आपल्या छातीकडे पाहिले. त्याचे कान लाल झाले. तरी कोट त्याने काढला नाही. उलट कोटाच्या दोन्ही बाजू ओढून घट्ट धरल्या.

"हसता काय बे? पहिलाच कोट हाय तिचा. चुकते माणूस."

तिचेच खोटे! तिने घडी घालून जपलेले, आणि ते त्याच्या तोंडून खरे होऊन बाहेर पडले. आता नुसते गप्प राहायचे होते. कुणाला काही कळले नसते. पंचफुला मेल्याहून मेल्यासारखी झाली.

"चुकला नाही," ती म्हणाली. "माह्याच मापाचा शिवला म्या. माह्यासाठी. तुमचं माप घेताना टेपकडं पायलंही नाही."

हशा थांबला. स्टोव्हवरचा चहा उतू गेला, तो कुणी उतरवला नाही. मोतीरामने तिच्याकडे पाहिले, आणि मग पाहायचे थांबवले. एकेक बटण त्याने हळूच काढले, काज उसवू नये म्हणून जपून. विरलेल्या सदऱ्यात कुडकुडत त्याने तो कोट तिच्या खांद्यांवर ठेवला.

"घाल. गारठशीन," तो म्हणाला, आणि पाठ फिरवून सांडलेला चहा पुसू लागला.

कोट तिला बसला. खांदा खांद्याला, मनगट मनगटाला, कुठे सूतभर कमी नाही, कुठे सूतभर जास्त नाही. दरीवर सूर्य आला, धुके सोनेरी झाले, सागाची पाने उजळली. पंचफुलाची मान वर झाली नाही. तिने हात खिशांत घातले. आत त्याच्या हातांची ऊब होती, अजून ताजी, अजून तशीच. खिसे खोल होते. हात तिथे ठेववेनात, आणि बाहेर काढवेनात.