तात्यांचं खातं

बारामतीच्या त्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये बारा माणसं आणि कॉम्प्युटरवर त्यांची बारा खाती. सगळ्या नोंदींचा डेटाबेस सांभाळायची सुप्याची ज्योत्स्ना. जो तो आपल्या खात्याचं सेटिंग मनाला येईल तसं बदलायचा आणि गोंधळ निस्तरताना तिच्या नाकी नऊ यायचे. शेवटी तिनं ठरवलं, आपलं सेटिंग आपण बदलायचं नाही. बदलायचं तर तिनंच. अकरा खात्यांना तिनं कुलूप घातलं. बारावं सावळारामतात्यांचं.

"मलाबी दाव्याला बांधतीस व्हय गं? बावीस वर्सं हितंच हाय की. पळून चाललोय का?"

सगळे हसले. तीही हसली. ज्यानं हाताला धरून काम शिकवलं, त्याला कुलूप कसं घालायचं? ते तसंच राहिलं.

तात्यांचं काम जोखमीचं. दिवसभराचे रिपोर्ट बघायचे आणि धोक्याचा दिसला की घरच्यांना लगेच फोन करायचा. यादी उघडायला वेळ लागतो म्हणून त्यांनी आपल्या खात्यावर पन्नासच नोंदी याव्यात असं करून टाकलं. यादी झटक्यात उघडू लागली. पन्नासाच्या पुढं आणखी आहेत, हे मात्र पडदा सांगत नव्हता. एरवी आकडा चाळिशीच्या पुढं सरकत नसे. त्या सोमवारी एकाहत्तर झाले.

डाळजच्या गोकुळचा रिपोर्ट त्रेसष्टावा होता. रक्तातलं पोटॅशियम इतकं चढलेलं, की त्याच दिवशी त्याला दवाखान्यात घालायला हवं होतं. तात्यांनी दिसले तेवढे फोन इमानानं केले आणि घरी गेले. मंगळवारी सकाळी भिगवणच्या दवाखान्याच्या वाटेवर, गाडीतच गोकुळ गेला.

गुरुवारी त्याचा बाप गेणूआबा रिपोर्ट न्यायला आला. त्याला अक्षरओळख नव्हती.

"ह्यो कवा तयार झाला, बाई?"

"सोमवारी. दुपारी सव्वादोनला," ज्योत्स्ना म्हणाली.

"सव्वादोनला फोन माज्या हातातच हुता," म्हातारा म्हणाला आणि बाकावर बसला.

मॅनेजर बापूसाहेबांनी ज्योत्स्नाला आत बोलावलं. "नेट बंद होतं असं लिहून दे. तात्यांच्या निवृत्तीला चारच महिने राहिलेत. आणि एकटे तात्याच अडकतील असं समजू नकोस."

तात्या कोपऱ्यात बसले होते. दोन दिवसांत माणूस वाळून गेला होता. "मला वाटलं, यादी सपली," एवढंच ते म्हणाले.

ज्योत्स्नानं तिथंच उभ्यानं कागद लिहिला, सही केली आणि बाहेर गेली.

"आबा, ह्यात काय झालं ते लिहिलंय."

"मला कुठलं वाचाय येतंय? तुमीच वाचा."

तिनं वाचलं. नेट चालू होतं. पन्नासाची मर्यादा तात्यांनी घातली. ती घालता येऊ नये म्हणून कुलूप लावणं ज्योत्स्नाचं काम होतं. सगळ्यांना लावलं, तात्यांना लावलं नाही.

"का न्हाय लावलं?"

"वडीलधारे म्हणून, आबा."

"माजा गोकुळ एकतीस वर्साचा हुता." त्यानं कागदाकडं बोट केलं. "तुमचं नाव हाय ती ओळ परत वाचा."

तिनं परत वाचली.

म्हाताऱ्यानं कागद घेतला नाही. "घरी सून हाय, प्रगती. ती दोन दिस ईचारतीया, फोन का आला न्हाय. मला ह्ये सांगता यायचं न्हाय. तुमी चला, आन् असंच तिला वाचून दावा."

बापूसाहेब दारात येऊन उभे राहिले होते. ज्योत्स्नानं कागदाची घडी घातली, चपला पायात सरकवल्या आणि ती गेणूआबाच्या मागोमाग स्टँडकडं चालू लागली.